हा मुकादम नव्हे

३ फेब्रुवारी

प्रिय खारू,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोनचं काय होतं ते तुला माहीतच आहे. तुझा फोन आला की तुझा दादा तो स्पीकरवर टाकतो आणि खुर्ची ओढून शेजारी बसतो. मग मी विचारते, "कशी आहेस?" तू सांगतेस, "छान." दोघी मिळून छान छान करतो आणि ठेवून देतो. नणंद-भावजयीला मनातलं बोलायची काही सोय नको का गं? म्हणून हा उपद्व्याप. उत्तर माझ्या दवाखान्याच्या पत्त्यावर पाठव. आमचे दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडात डोकावतात, पत्रांत नाही.

आता मुद्द्याचं. तुमच्या शेजारच्या शिवणवाल्या काकूंनी तुझ्या दादाला परस्पर कळवलंय, की आप्पांनी गॅस पेटता ठेवला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. काकूंनी वेळेवर बघितलं म्हणून निभावलं. हे आम्हाला काकूंकडून कळायचं का? तुझा दादा दोन दिवस घरभर येरझाऱ्या घालतोय. म्हणतो, आता बस झालं, मार्चअखेर जातो आणि आप्पांना कायमचं इकडे घेऊन येतो.

इकडे म्हणजे नवव्या मजल्यावर, जिथे लिफ्टमध्ये शेजारी उभा असलेला माणूससुद्धा ओळख दाखवत नाही. आम्ही दोघं दिवसभर कामावर. आप्पा काय करणार, बाल्कनीतून गाड्यांची टपं बघत बसणार? मला ते नको आहेत असं मनातसुद्धा आणू नकोस. मी नवी सून होते तेव्हा माझी करपलेली भाजी मुकाट्याने स्वतःच्या ताटात ओढून घेणारा माणूस आहे तो. मला ते हवेच आहेत, पण इथे येऊन ते सुकून जातील अशी भीती वाटते.

तेव्हा खरं काय ते लिही. किती विसरतात? बाहेर एकटे जातात का? झाकपाक करू नकोस, तुझी झाकपाक मला इथवर दिसते.

तुझी वहिनी

ता. क. तुमच्या गल्लीतला तो राक्षस अजून आहे का?


९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी एका बँकेच्या छतात होते. खरंच. छताच्या खाली जे खोटं छत असतं ना, त्यात एक मांजर शिरली होती आणि दोन दिवस वरून ओरडत होती. खातेदार घाबरले, कुणीतरी भूत आहे म्हणालं, मग आमच्या प्राणी सोडवणाऱ्या टोळीला बोलावणं. आमचा लंबू (शाळेची बस चालवतो तो, शिडी नसली तरी त्याचा हात पोचतो) खाली जाळी धरून उभा, मी वर पोटावर सरपटतेय, आणि मॅनेजरसाहेब खाली उभे राहून मला सूचना करतायत. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. शेवटी मांजरीने आपला निर्णय आपणच घेतला आणि नेमकी साहेबांच्या डोक्यावर उतरली. जाता जाता तिने त्यांच्या शर्टावर जे केलं ते मी लिहीत नाही. साहेब शुद्धीवर आल्यावर म्हणाले, "मॅडम, तुमचे उपकार कसे फेडू?" मी म्हटलं, "पुढच्या वेळी गप्प बसा."

बरं, आप्पा. गॅसचं खरं आहे. सांगितलं नाही कारण सांगितलं असतं तर दादा त्याच संध्याकाळी गाडीत बसला असता. आप्पा विसरतात, वहिनी. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधतात, ते तर मीही करते. पण कधी मला आईच्या नावाने हाक मारतात. एकच गोष्ट दोनदा सांगतात. सकाळी फिरायला जातात ना, तेव्हा बेकरीच्या कोपऱ्यावर थबकतात. उजवीकडे वळायचं की डावीकडे, हे त्यांना आठवत नाही. मी एकदा मागून जाऊन बघितलं म्हणून कळलं.

मग घरी कसे येतात? तर तुझा तो राक्षस त्यांना घेऊन येतो. मुकादम रोज ठरल्यासारखा ओट्याशी येऊन उभा राहतो, आप्पा चपला घालतात आणि दोघं निघतात. कोपऱ्यावर आप्पा थांबले की मुकादमही थांबतो, जरा वाट बघतो आणि उजवीकडे वळतो. आप्पा त्याच्या मागे. त्याला कुणी शिकवलं नाही. गल्लीतली पोरं शाळेला निघाली की हाच मधे उभा राहून गाड्या अडवतो, म्हणून तर मुकादम. जोवर तो आहे तोवर आप्पांची मला काळजी नाही. हे दादाला सांगितलं तर तो म्हणेल, माझ्या बापाला कुत्र्याच्या भरवशावर ठेवलंस? म्हणून सांगत नाही.

फक्त पुढचे काही दिवस जरा कठीण आहेत. आमच्या भागातल्या भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण चाललंय. उद्या आमच्या गल्लीची पाळी. मुकादमलाही न्यावं लागणार. मी त्याला वगळलं तर लोक म्हणतील, बाईंचा लाडका सुटला. आमचा नियम साधा आहे. जिथून उचललं तिथेच आणून सोडायचं, कारण कुत्र्याचं सगळं जग म्हणजे त्याची गल्ली. आठवड्याभरात येईल परत, कानाचं टोक कापून घेऊन. ती आमची खूण.

तुझी खारू


१७ फेब्रुवारी

प्रिय खारू,

मॅनेजरसाहेबांचं वाचून मी दवाखान्यात एवढी हसले की खुर्चीवर आ करून बसलेला पेशंट घाबरून तोंड मिटून बसला.

पण पुढचं वाचून हसू पळालं. खारू, मुकादम आपल्या आप्पांना घरी आणतो आणि मला इतकी वर्षं वाटत होतं की तो त्यांना कधीतरी खाणार आहे! तुला ठाऊक आहे माझं कुत्र्यांशी कसं आहे ते. लग्नाआधी मला कुणी सांगितलं असतं की नणंद कुत्री सोडवत फिरते, तर मी मुलगा बघितलाच नसता.

तुला एक बातमी देते. आमच्या स्वयंपाकघरात कबुतर शिरलं. फ्रिजच्या मागे जाऊन बसलं आणि तिथून असा आवाज काढायला लागलं की जसं काही मीच त्याच्या घरात घुसलेय. मला तुझे शब्द आठवले. दिवा घालव, खिडकी उघडी टाक, अंगावर टॉवेल टाक आणि हळूच धर. मी दिवा घालवला, टॉवेल टाकला, डोळे गच्च मिटून झडप घातली. उघडून बघते तर टॉवेलात तुझ्या दादाची चप्पल. कबुतर खिडकीत बसून बघत होतं. मग गेलं आपण होऊन. पण मी झडप घातली, हे लक्षात घे!

दादा रोज विचारतो, आप्पांचं काय म्हणते ती? मी म्हणते, छान. तो मार्चअखेरीवर अडून बसलाय. मी त्याला एकच सांगितलंय की खारूने स्वतःहून सांगितल्याशिवाय तिकीट काढायचं नाही. हे त्याने कबूल केलंय, तोंड वाकडं करून का होईना. तेव्हा आता सगळं तुझ्या शब्दावर आहे. तू म्हणालीस राहू दे, तर आप्पा तिथे राहतील. आणि तुला झेपेनासं झालं तर तसंही सांग. त्यात लाज नाही.

मुकादम आला की कळव. तो आला हे ऐकून मला बरं वाटेल, असं मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितेय.

वहिनी


२६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

मुकादम आला. त्याला आणून सोडलं त्याला आता आठवडा झाला.

लिहायला उशीर झाला कारण काय लिहावं कळत नव्हतं. गाडीचं दार उघडलं, तर एरवी जो उडी मारून आधी सगळी गल्ली तपासेल तो हळूच उतरला आणि शिवणवाल्या काकूंच्या जिन्याखाली जाऊन बसला. ऑपरेशननंतर असं होतं. कुत्रं जरा मऊ पडतं, बुजतं, नवख्यासारखं वागतं. मी गावभर लोकांना हेच सांगत असते की घाबरू नका, स्वभाव थोडा बदलतो, येईल ठिकाणावर. काकूंनाही तेच सांगितलं. पोरं म्हणाली, आता गाड्या अडवत नाही. म्हटलं, आजारपणातून उठलाय, विश्रांती घेऊ द्या त्याला.

आप्पा मात्र चपला घालून ओट्यावर आले, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हा मुकादम नव्हे."

मी हसले. म्हटलं, "आप्पा, असं काय करता? तोच आहे. कान बघा, खूण केलीय."

"कान कुणाचाही कापता येतो," म्हणाले. "हा विनातिकीट आहे."

तुला माहीत आहे, जन्मभर रेल्वेत तिकीट तपासनीस होते, जुनी भाषा जात नाही. मला आधी गंमत वाटली. पण दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी त्यांचा हात धरून कुत्र्यापाशी नेलं, त्याच्या पाठीवर ठेवला. म्हटलं, तांबूस अंग, पुढचे पाय पांढरे, शेपटीचं टोक पांढरं. दुसरा कोण असणार? मी शाळेत चित्रकला शिकवते, एकदा बघितलेला चेहरा मी विसरत नाही. आप्पा म्हणाले, "रंग तोच आहे गं." आणि आत निघून गेले.

वहिनी, ज्या जिवाबरोबर चार वर्षं रोज फिरले त्याला ते ओळखत नाहीत. गॅस विसरणं वेगळं आणि हे वेगळं. फिरायला आता एकटेच जातात, सांगितलं तरी ऐकत नाहीत. मुकादम जिन्याखालून बघतो, पण उठत नाही. मी काकूंना लक्ष ठेवायला सांगून शाळेत जाते आणि तिथे पोरांना सूर्य निळा काढताना बघूनही काही बोलत नाही.

दादाला अजून काही सांगू नकोस.

खारू


१२ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं धीराचं पत्र मिळालं. "वाट बघ, डॉक्टरांना दाखव, माणूस एकदम जात नसतो" असं लिहिलंयस. मीही स्वतःला तेच सांगत होते. मधे तर एक दिवस असा उजाडला की आप्पांनी आपणहून जिन्याशी जाऊन हाक मारली, "मुकादम, ये." मला एवढा आनंद झाला! म्हटलं, आलं सगळं जागेवर.

पण काल ते हरवले.

सकाळी निघाले ते दुपार झाली तरी नाहीत. काकूंचा शाळेत फोन आला. मी वर्ग तसाच सोडला. लंबूने गाडी काढली, आमची सगळी टोळी निघाली. बेकरी, बाग, नदीचा घाट. रोज लोकांची हरवलेली कुत्री-मांजरं शोधतो त्याच पद्धतीने मी माझ्या बापाला शोधत होते. दुकानादुकानांत विचारत होते, उंच आहेत, पांढरी मिशी आहे, करडा सदरा आहे. आणि सांगता सांगता रडायला येत होतं.

सापडले कुठे? बाजाराच्या पलीकडे, कालव्याचा पूल ओलांडून, एका न्हाव्याच्या दुकानाबाहेर बाकावर. तिथवर ते कधी जात नाहीत. शांत बसले होते. पायाशी तिथलंच कुठलंतरी कुत्रं होतं, त्याच्या डोक्यावर हात. मला बघून त्यांचा चेहरा असा उजळला, लहान मुलासारखा. म्हणाले, "हा बघ. सापडला मुकादम."

वहिनी, माझ्याने बघवेना. कुत्रं तसं दिसायला बरंचसं आपल्या मुकादमसारखंच होतं, तांबूस. शेपटी हलवत होतं. आता कुत्रं काय, कुणी प्रेमाने हात फिरवला की शेपटी हलवतंच. आप्पांना धरून गाडीत बसवलं. ते म्हणत होते, "त्याला घे, त्याला घे." लंबू माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, चल. ते कुत्रं गाडीमागे बाजारापर्यंत धावत आलं. कुत्री गाड्यांमागे धावतातच. मग बाजारातल्या कुत्र्यांनी त्याला अडवलं आणि ते मागेच राहिलं. आप्पा मागच्या काचेतून बघत होते. घरी आल्यावर जेवले नाहीत.

मी हरले. पुढच्या वेळी पुलावरून पडले, गाडीखाली आले तर? दादाचं बरोबर होतं. त्याला सांग, तिकीट काढ. मी सगळ्या गावाची जनावरं घरी पोचवते आणि माझा स्वतःचा माणूस मला घरात ठेवता येत नाही. 

खारू


१६ मार्च

खारू,

बावळट मुली!

दवाखान्यातून तुला चारदा फोन लावला. तू नेहमीप्रमाणे कुठल्यातरी गटारात असशील. म्हणून हे कुरियरने.

तुझं पत्र तुझ्या दादाला दाखवलेलं नाही. पर्समध्ये आहे. पेशंट बाहेर ताटकळत बसलेत आणि मी ते तीनदा वाचलंय. अगं, तूच लिहितेस की घरचा कुत्रा आप्पांना ओळख देत नाही, आणि पुलापलीकडचा त्यांच्यासाठी गाडीमागे धावतो. तुला हे वाचूनसुद्धा बघावंसं वाटलं नाही?

आता मी सांगते ते कर. जिन्याखाली जा आणि त्या कुत्र्याचं तोंड उघड. मुकादमचा वरचा डावा सुळा अर्धा तुटलेला आहे. मला कसं माहीत? मागच्या वेळी मी आले होते तेव्हा त्याने मला तुमच्या जिन्यात पायरीवर उभं करून ठेवलं होतं. ना वर जाऊ देत होता ना खाली, आणि सगळा वेळ मला दात दाखवत होता. तू येऊन त्याला "माझं सोनं" म्हणालीस. तू त्याच्याकडे बघतेस तेव्हा तुला प्रेमाचं भरतं येतं, दात कुठून दिसणार? मी भीतीने बघितलंय, आणि भ्यायलेलं माणूस फार नीट बघतं. वर माझा धंदाच दातांचा. त्याच्या जबड्याचा नकाशा मी आत्ता काढून दाखवीन.

सुळा तुटका असला तर मी गप्प बसते आणि दादाला पत्र दाखवते. पण शाबूत असला तर तुझ्या आप्पांच्या डोक्याला काही झालेलं नाही, तुझ्या डोळ्यांना झालंय.

लगेच कळव. मला झोप लागत नाहीये.

वहिनी


१९ मार्च

वहिनी,

शाबूत आहे. डावा, उजवा, दोन्ही. पांढरे शुभ्र, टोकदार.

मी जिन्याखाली त्याचं तोंड हातात धरून तशीच बसून राहिले. तो बिचारा मुकाट बसला होता. मग मला कळलं, काय झालं असेल ते.

शेल्टरमध्ये आम्ही प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात गल्लीप्रमाणे रंगीत कापडी पट्टी बांधतो. आमची हिरवी, न्हाव्याच्या गल्लीची निळी. पट्ट्या औषधाने आणि घाणीने एवढ्या बरबटल्या होत्या की मी सगळ्या सोडल्या, धुतल्या, दोरीवर वाळत टाकल्या आणि संध्याकाळी पुन्हा बांधल्या. लंबू म्हणाला होता, "बाई, एकेक सोडून धुवा, घोटाळा होईल." मी म्हटलं, "मी चेहरा बघून बांधते, तू काळजी करू नकोस." शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत दोन तांबूस कुत्री, दोघांचे पाय पांढरे. मी बघितलं, ओळखलं आणि बांधलं. चित्रकलेच्या बाई ना मी!

लंबूला गाडी घेऊन बोलावलं, जिन्याखालच्याला उचललं, आप्पांना म्हटलं, चला. त्यांनी कुठे म्हणूनही विचारलं नाही, चपला घातल्या. न्हावी आम्हाला बघताच म्हणतो कसा, "बाई, बरं झालं आलात. आमचा शहाण्या ऑपरेशनपासून पार बदललाय. आधी गरीब गाय होता, आता भर रस्त्यात उभा राहून माझी गिऱ्हाइकं अडवतो. तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणालात, स्वभाव बदलतो, येईल ठिकाणावर." वहिनी, म्हणजे एका गल्लीत मी सांगत होते की ऑपरेशनने कुत्रं मवाळ होतं, आणि दुसऱ्या गल्लीत सांगत होते की ऑपरेशनने दांडगं होतं. दोन्हीकडच्या लोकांनी माना डोलावल्या. बाईंना कळतं म्हणून!

शहाण्या गाडीतून जो सुटला तो दुकानात शिरून थेट खुर्चीखाली. आणि मुकादम? माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. आप्पांपाशी गेला, त्यांच्या गुडघ्याला डोकं लावून उभा राहिला. मी तोंड बघायला वाकले तर गुरगुरला. अर्धा सुळा मला स्वच्छ दिसला. एवढ्या दिवसांत तो परत का आला नाही, तर मधे बाजार आहे, आणि बाजारातली टोळी परक्याला पाय ठेवू देत नाही. हे मला, आणि मलाच, माहीत असायला हवं होतं.

आणि ऐक. आप्पा त्या दिवशी हरवले नव्हते. लंबूने परत येताना मान खाली घालून सांगितलं. आदल्या दिवशी आप्पांनी त्याला गाठून विचारलं होतं, "आमच्या कुत्र्याबरोबर गाडीत अजून कुठल्या गल्ल्यांतली कुत्री होती?" त्याला वाटलं, म्हातारबाबा सहज विचारतायत. त्याने तीन गल्ल्या सांगितल्या. आप्पांनी त्या चिठ्ठीवर लिहून घेतल्या, विसरू नये म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी एकेक करत फिरले. तिसरीत सापडला. आणि मी काय केलं? चोर सोडून संन्याशाला फाशी. त्यांना गाडीत कोंबलं आणि घरी आणलं.

मी त्यांची माफी मागितली. नीट मागता आली नाही. ते म्हणाले, "अगं, तपासनिसाचंही चुकतं." मग म्हणाले, कागद दे, सूनबाईला लिहायचंय. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. पाकीट चिकटवून दिलंय, सोबत पाठवतेय. 

दादाला आता सगळं सांग. माझी पत्रंही दाखव, मी बावळट ठरले तरी चालेल. ठरवायचं ते मग ठरवू.

खारू


१९ मार्च

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

खारूने मला सगळं सांगितलं. तू कुत्र्याचा दात ओळखलास. तुझ्या नोकरीचा आम्हाला कधीतरी उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. आभार मानतो.

आता सगळे म्हणतायत, आप्पांचं बरोबर होतं. ऐकायला गोड वाटतं, पण फार दिवस म्हणू नका. गॅसही मीच पेटता ठेवला होता. परवा मी खारूला म्हटलं, आईला चहा नेऊन दे. तिचा चेहरा बघितला तेव्हा आठवलं, की तिची आई जाऊन आठ वर्षं झाली. हे पत्र लिहितानाही तुझं नाव मला आठवत नव्हतं, म्हणून सूनबाई लिहिलं. राग मानू नकोस. तू कोण आहेस ते मला पक्कं आठवतं. हे असंच वाढत जाणार, डॉक्टरांनी सांगायला नको.

पण या तीन-चार आठवड्यांत काय झालं ते तुला सांगतो, खारूला सांगवत नाही. रोज सकाळी मी म्हणायचो, हा तो नाही. आणि ती इतक्या मायेने म्हणायची, आप्पा, तोच आहे. कुणी भांडलं असतं तर मीही भांडलो असतो. मायेने सांगणाऱ्याशी कसं भांडायचं? हळूहळू मलाच वाटायला लागलं, की गेलं आपलं डोकं. एक दिवस मी त्या परक्या कुत्र्याला मुकादम म्हणून हाक मारली. तिला बरं वाटावं म्हणून. ती एवढी खूश झाली, आणि मी एवढा घाबरलो की काय सांगू. पोरी, विसरण्याची मला इतकी भीती वाटत नाही. जे आठवतंय तेही खोटं म्हणायची सवय लागेल याची वाटते. म्हणून लंबूला विचारलं आणि निघालो.

तेव्हा माझं मागणं एवढंच आहे. पुढे मी खूप चुकेन. चुकलो की तोंडावर सांगा, मी ऐकेन. पण सांगण्याआधी एकदा उठून बघून या. दहातल्या नऊ वेळा माझंच चुकलेलं असेल. त्या दहाव्या वेळेसाठी बघून या.

तुमच्याकडे कधी यायचं ते मला विचारा. एक दिवस मी हो म्हणेन, आणि तेव्हा नववा मजला असो की एकोणिसावा, कुरकुर करणार नाही. आज माझं उत्तर नाही असं आहे. तुझ्या नवऱ्याला सांग, बापाला न्यायला येऊ नकोस, भेटायला ये. चार दिवस राहा, आणि सकाळी आमच्याबरोबर फिरायला चल.

आप्पा